घोड्यांच्याही इयत्ता असतात

यात्रेतला कुस्त्यांचा फड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. हलगी कडकडत असते, तांबड्या मातीच्या कडेने माणसांची दाटी झालेली असते आणि मधोमध दोन-चार जाणती वडीलधारी माणसे नव्या मल्लांना समोरासमोर उभे करून न्याहाळत असतात. वय किती, अंगलट कशी, मागच्या फडात कोणाला चीतपट केले होते, हे सारे त्यांच्या नजरेत क्षणात तोलले जाते आणि मग ते हात वर करतात. जोड जमली! जोड जमली तर कुस्ती पाहण्यासारखी होते. जोड चुकली तर एकाची हाडे दुखतात, दुसऱ्याला विजयाचे समाधान लाभत नाही आणि प्रेक्षक कंटाळून जिलबीच्या दुकानाकडे वळतात.

जोड लावण्याची ही विद्या एका फडापुरती असते तोवर चार जाणत्या डोळ्यांवर काम भागते. परंतु देशभर शेकडो फड, हजारो स्पर्धक आणि एकमेकांना कधीही न पाहिलेले पंच, अशी स्थिती असेल तर काय करावे? तेव्हा नजरेच्या जागी नियम आणावा लागतो आणि आठवणीच्या जागी नोंदवही. तो कसा आणावा आणि आणताना कोठे चुकते, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे. उदाहरण मात्र आम्ही मल्लांचे न घेता घोड्यांचे घेतले आहे.

घोड्यांचे का, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरची भाषा कोंकणी. मूळ गाव डिचोलीकडचे. लहानपणी आम्ही घोडा पाहिला तो शिगम्याच्या घोडेमोडणीतला, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला, कापडाफुलांनी सजवलेला लाकडी घोडा. खऱ्या घोड्यावर आम्ही आजवर मांड टाकलेली नाही, हे आधीच कबूल करतो. पण २०२४ साली पॅरिसचे ऑलिंपिक सामने चालू असताना व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत झालेल्या अश्वस्पर्धा दूरचित्रवाणीवर पाहून नववीतल्या एका मुलीने आम्हाला वर्गात विचारले, "सर, एवढी उंच उडी मारायला घोडा एकदम कसा तयार होतो? त्याला खालचे वर्ग नसतात का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता. घोड्यांनाही इयत्ता असतात. त्या ठरवण्यासाठी मोठमोठ्या माणसांनी वर्षानुवर्षे डोके खाजवले आहे.

प्रथम खेळ कोणता ते पाहू. ह्याला शो जंपिंग म्हणतात. मैदानात दहा-बारा किंवा अधिक अडथळे मांडलेले असतात. रंगीत आडव्या दांड्या, भिंतीसारखे दिसणारे ठोकळे, एकापाठोपाठ एक असे जोडअडथळे, कधी पाण्याचा चर. स्वाराने ते ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळात पार करावयाचे. दांडी पडली तर चार दोष. घोडा अडथळ्यापुढे पाय रोवून उभा राहिला तरी दोष, आणि वेळ उलटली तरी दोष. कोणतीही चूक न करता फेरी पुरी झाली तर ती निर्दोष फेरी. निर्दोष फेरीचे मानकरी एकाहून अधिक निघाले, तर थोड्या अडथळ्यांची निर्णायक फेरी होते आणि तिच्यात घड्याळ पंच बनते. दांड्या खोबणीत घट्ट बसवलेल्या नसतात. उथळ आधारावर नुसत्या टेकवलेल्या असतात, म्हणून खुराचा धक्का लागताच घरंगळतात. ऑलिंपिकमध्ये हे अडथळे १.६५ मीटरपर्यंत उंच असतात. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांच्या डोक्यावरून घोडा निघून जाईल, एवढी ही उंची!

हा खेळ फार जुना नव्हे. आयर्लंडमध्ये डब्लिन शहरी १८६८ साली घोड्यांच्या उंच व लांब उड्यांच्या स्पर्धा झाल्याची नोंद आहे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही घोड्यांची उंच उडी आणि लांब उडी होती. १९१२ साली स्टॉकहोम येथे आजच्या स्वरूपाची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आली. १९२१ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ स्थापन झाला, आणि १९२३ साली ब्रिटनमध्ये ब्रिटिश शो जंपिंग असोसिएशन ही संस्था निघाली. गावोगावच्या प्रदर्शनांतून जो तो आपापल्या नियमांनी उड्यांच्या शर्यती लावत असे. त्यांना एका नियमाखाली आणणे हे ह्या संस्थेचे काम होते.

तरीही दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा ब्रिटनमधील खेळ आज पाहिला तर आपण जांभया देऊ. अडथळ्यांच्या माथ्यावर एक हलकी लाकडी पट्टी ठेवलेली असे आणि ती नुसती हलून पडली तरी दोष धरला जाई. पुढच्या पायांनी अडथळा पाडला तर जास्त दोष, मागच्या पायांनी पाडला तर कमी. वेळेचे बंधन नसे. त्यामुळे स्वार अडथळ्यापुढे येई, घोड्याला गोल फिरवून पुन्हा येई, मनाजोगे पाऊल पडेपर्यंत हाच क्रम चाले. अडथळ्यांची मांडणीही ठराविक, मैदानाच्या ह्या कडेने जावे आणि त्या कडेने परत यावे. प्रेक्षकांना ना गुण समजत, ना रंगत येई.

हे चित्र पालटण्यात ज्या पुरुषाचा वाटा मोठा, त्याची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कर्नल माइक अ‍ॅन्सेल हे ब्रिटिश घोडदळातील अधिकारी आणि नामांकित घोडेस्वार. १९४० साली फ्रान्समधील लढाईत ते जबर जखमी झाले, शत्रूच्या हाती सापडले आणि त्यांची दृष्टी गेली. जर्मनीतील बंदिवासात घोडा नाही, मैदान नाही, डोळ्यांपुढे उजेडही नाही. अशा स्थितीत सोबतच्या कैदी अधिकाऱ्यांशी चर्चा करकरून त्यांनी आपल्या देशातील ह्या खेळाची घडी पुन्हा कशी बसवावी, ह्याचा आराखडा मनाशी पक्का केला. सुटून मायदेशी परतल्यावर ते त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १९४५ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर मोठी स्पर्धा भरली. माथ्यावरच्या पट्ट्या गेल्या, वेळेचे बंधन आले, मार्ग वळणावळणाचे आणि रंगीत झाले. १९४९ साली 'हॉर्स ऑफ द इयर शो' हे वर्षाखेरीचे संमेलन सुरू झाले. ज्याला स्वतःला अडथळा दिसत नव्हता, त्याने तो साऱ्या देशाला पाहण्यासारखा करून दिला.

परंतु आमच्या मते ह्या सुधारणांचा खरा कणा दिसण्यासारखा नव्हता. तो कचेरीतील कपाटात होता. ते म्हणजे घोड्यांच्या श्रेणींचे राष्ट्रीय दप्तर.

युद्धानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये जी व्यवस्था रूढ झाली, तिचे सूत्र सोपे होते. प्रत्येक घोड्याने अधिकृत स्पर्धांत आजवर मिळवलेल्या बक्षिसांच्या रकमेची बेरीज मांडायची. बेरीज अमुक रकमेच्या खाली असेल तर तो 'सी' श्रेणीचा, म्हणजे नवशिका. त्याच्या वर गेला की 'बी'. आणखी वर गेला की 'ए'. प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेले असे, की ही स्पर्धा अमुक श्रेणीच्या घोड्यांसाठी. त्यामुळे काल-परवा उड्या शिकलेल्या शिंगराला मुरलेल्या, गाजलेल्या घोड्यापुढे उभे राहावे लागत नसे.

हे एका वाक्यात सांगून झाले. प्रत्यक्षात आणावयाचे तर किती गोष्टी लागतात ते मोजून पाहा.

पहिली गोष्ट ओळख. घोडा विकला जातो, त्याचा मालक बदलतो, कधी नावही बदलते. उद्या 'ए' श्रेणीचा घोडा दुसऱ्या परगण्यात नेऊन, नवे नाव ठेवून नवशिक्यांत उभा केला तर? म्हणून श्रेणी मालकाला चिकटलेली नसावी, घोड्याला चिकटलेली असावी. आणि त्यासाठी घोडा तोच हे सिद्ध करता आले पाहिजे. रंग, कपाळावरचा चांद, पायांवरचे पांढरे पट्टे आणि अंगावरचे भोवरे ह्यांची नोंद करतात. आपल्याकडे घोडा घेताना भोवरे पाहून शुभाशुभ ठरवण्याची चाल होती. तेच भोवरे आजच्या घोड्याच्या पारपत्रात ओळखखूण म्हणून रेखाटलेले असतात, हे वाचून आम्हाला मोठी गंमत वाटली. आता तर त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूणही बसवतात.

दुसरी गोष्ट निकाल. लहानशा खेड्यातील प्रदर्शनात कोण पहिला आला, हे मध्यवर्ती कचेरीला कळले नाही तर बेरीज खोटी पडेल. म्हणून संस्थेशी संलग्न असलेल्या प्रत्येक भरवणाऱ्याने निकालपत्र पाठवलेच पाहिजे, असा दंडक लागतो. हजारो कागद येणार, कोणीतरी ते उघडणार, नावे जुळवणार, आकडे चढवणार. ह्या कारकुनाला कोणी पदक देत नाही. पण त्याने एका घोड्याचा आकडा दुसऱ्याच्या खात्यावर चढवला, तर दोन घोड्यांवर एकदम अन्याय होतो.

तिसरी गोष्ट माप. 'सी' श्रेणीचा अडथळा एका गावी छातीएवढा आणि दुसऱ्या गावी गुडघ्याएवढा असला तर श्रेणीला अर्थ उरत नाही. म्हणून उंची ठरवून द्यावी लागते. पण नुसत्या उंचीनेही भागत नाही. घोड्याची एक ढांग सुमारे ३.६ मीटरची धरतात. जोडअडथळ्यातील अंतर ह्या ढांगेला जुळणारे ठेवले तर तीच उंची सोपी होते. अंतर थोडे कमी-अधिक केले, वळण अरुंद केले, तर तीच उंची अवघड होते. गणिताच्या प्रश्नपत्रिकेतही असेच असते, नाही का? गुण शंभरच, पण काढणारा कोण ह्यावर पेपर सोपा की कठीण ते ठरते. म्हणून मार्ग आखणाऱ्यांना आणि पंचांनाही शिकवावे लागते, त्यांच्याही परीक्षा घ्याव्या लागतात. घोड्यांच्या श्रेणी लावायला निघालेल्या माणसाला शेवटी माणसांच्याही श्रेणी लावाव्या लागतात.

आता ह्या दप्तराने काय साधले, त्याचे एक उदाहरण देतो. हॅरी ल्युएलिन नावाचे वेल्समधील एक स्वार १९४७ साली चांगल्या घोड्याच्या शोधात होते. त्यांनी बाजार पालथे घातले नाहीत. शो जंपिंगच्या नोंदी चाळल्या. त्या नोंदींतून एका तरुण घोड्यावर त्यांची नजर गेली. तो घोडा त्यांनी विकत घेतला. त्याचे नाव फॉक्सहंटर.

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. ब्रिटनच्या पदरात तोवर एकही सुवर्णपदक पडलेले नव्हते. सांघिक उड्यांच्या पहिल्या फेरीत फॉक्सहंटरचे काहीतरी बिनसले आणि त्याच्या नावावर १६.७५ दोष लागले. दुपारच्या फेरीत मात्र तो एकही दांडी न पाडता परतला. विल्फ व्हाइट आणि डग्लस स्ट्युअर्ट ह्या साथीदारांसह ल्युएलिन ह्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या सामन्यांत ब्रिटनला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटम वजनाच्या गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक दिले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वजनाचे गट नसते, तर खाशाबांना आपल्याहून दुप्पट देहाच्या मल्लापुढे उभे राहावे लागले असते. कुस्तीत जोड वजनाने लागते, उड्यांत पूर्वकामगिरीने, तत्त्व एकच.

ह्या पद्धतीचा आणखी एक गुण आम्हाला मुलींसाठी सांगावासा वाटतो. श्रेणी घोड्याची असल्यामुळे त्याच्या पाठीवर पुरुष आहे की स्त्री, ह्याने ती बदलत नाही. पॅट स्माइद ही तरुणी त्या काळी ब्रिटनमधील अग्रगण्य स्वारांत गणली जाई. तरी १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ह्या स्पर्धेची दारे बंद होती. ती १९५६ साली उघडली. त्या वर्षीचे सामने मेलबर्नला होते. पण परदेशी घोड्यांना ऑस्ट्रेलियात आणण्यावर रोगप्रतिबंधाचे कडक निर्बंध असल्याने अश्वस्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. तेथे पॅट स्माइद फ्लॅनगन नावाच्या घोड्यावर बसून ब्रिटनच्या संघातून खेळल्या आणि संघाला कांस्यपदक मिळाले. आज ह्या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच मापाने तोलले जातात.

इतके वाचून कोणाला वाटेल, की व्यवस्था निर्दोष आहे. तसे नाही. आणि त्यातला मुख्य दोष आम्ही पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या हाताने केलेला आहे.

आम्ही नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत होतो. तेथे क्रीडादिनी धावण्याच्या शर्यती इयत्तावार होत. आठवीत दोन वर्षे काढलेला एक थोराड मुलगा सगळी बक्षिसे नेई आणि बाकीची मुले नुसती टाळ्या वाजवायला उरत. आम्ही सहकाऱ्यांना म्हटले, हे बरे नव्हे. गट पाडू या. एका सकाळी शंभर मीटरची चाचणी घेतली, घड्याळ लावले आणि वेळेप्रमाणे अ, ब, क असे तीन गट केले. स्वतःच्या हुशारीवर आम्ही खूश होतो.

क्रीडादिनी 'क' गटात एक मुलगा असा धावला, की 'अ' गटातले धावपटू बघत राहिले. त्याच्या मागोमाग दुसरा आला तो किरकोळ अंगाचा, पण तीन महिने पहाटे उठून सराव केलेला मुलगा. त्याच्या गटात पहिला नंबर त्याचाच, असे सारे धरून चालले होते. त्याने प्रशस्तिपत्राची घडी केली, खिशात घातली आणि काही न बोलता घरी गेला.

पहिल्या मुलाला आम्ही बाजूला घेऊन विचारले, "चाचणीच्या दिवशी तू मुद्दाम हळू धावलास ना?" त्याने मान खाली घातली, पण उत्तर सरळ दिले. "सर, वरच्या गटात गेलो असतो तर मला काय मिळाले असते? तिथे मी पाचवा आलो असतो."

आम्ही त्याच्यावर रागावणार होतो. पण बोलायला तोंड उघडले तेव्हा लक्षात आले, की उत्तर आमच्यापाशीच नाही. आम्ही वर जाण्याचा जिना बांधला होता. पण वरच्या मजल्यावर काही ठेवलेच नव्हते. खालच्या पायरीवर मात्र चकचकीत पेला मांडून ठेवला होता.

घोड्यांच्या जगात नेमके हेच घडते. निर्णायक फेरीत स्वार लगाम जरा खेचून धरतो, वेळ थोडी जास्त लावतो, म्हणजे घोडा दुसरा-तिसरा येतो, बेरीज फार वाढत नाही आणि तो पुढचे काही महिने खालच्या श्रेणीतच सुखाने राहतो. शिवाय पैशाच्या मापाला दुसरेही रोग आहेत. एखाद्या श्रीमंत शहरातील स्पर्धेत एकदाच जिंकलेला घोडा एकदम वर जातो, आणि गरीब परगण्यात दहा वेळा जिंकलेला खाली राहतो. वर्षे सरतात तसे पैशाचे मोल घटते. काल ठरवलेल्या मर्यादा आज हास्यास्पद होतात, म्हणून त्या वेळोवेळी वाढवाव्या लागतात. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट अशी, की मिळवलेला पैसा कमी होत नाही. घोडा म्हातारा होतो, त्याच्या पायाला दुखापत होते; पण बेरीज त्याला वरच्या श्रेणीतच जखडून ठेवते. जो आता उंच उडी घेऊ शकत नाही, त्याला सोपी उडीही घेता येत नाही.

ह्यावर निरनिराळ्या देशांत निरनिराळे उपाय निघाले. एक उपाय पैशाऐवजी गुण देण्याचा. जिंकलेल्या स्पर्धेची उंची आणि मिळालेला क्रमांक पाहून गुण लावले, तर श्रीमंत व गरीब गावांतला भेद मिटतो. दुसरा उपाय मार्गाला श्रेणी देण्याचा. जर्मनीत स्पर्धांचेच वर्ग ठरलेले आहेत आणि त्यांना ई, ए, एल, एम, एस अशी अक्षरे आहेत. पहिली दोन नवशिक्यांची. एल म्हणजे सोपा, एम म्हणजे मध्यम, एस म्हणजे कठीण. एस वर्गातले अडथळे १.४० मीटरपासून सुरू होतात. शिवाय तेथे स्वारांनाही त्यांच्या कामगिरीप्रमाणे आकड्यांचे वर्ग दिलेले असतात आणि १ हा सर्वांत वरचा. ह्यामागे विचार आहे. मुरलेला स्वार कोवळ्या घोड्यावर बसला, तर ती जोडी नवशिकी म्हणावी काय? उलट, अनुभवी घोड्यावर बसलेला नवखा मुलगा 'ए' श्रेणीत ढकलावा काय? उडी घोडा घेतो हे खरे, पण कोठून घ्यावी हे स्वार सांगतो. नुसता घोडा मोजून भागत नाही, नुसता स्वार मोजूनही नाही.

वयाचे मापही आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत १२ ते १४ वर्षांची मुले, १४ ते १८ चे कनिष्ठ आणि १६ ते २१ चे तरुण स्वार असे गट आहेत. घोड्यालाही वयाची अट आहे. ऑलिंपिकच्या उड्यांसाठी घोडा निदान नऊ वर्षांचा असावा लागतो. वाढत्या हाडांवर अकाली भार टाकू नये, एवढी दया त्या नियमात आहे. आम्हाला हा नियम फार आवडला. श्रेणीव्यवस्था केवळ न्यायासाठी नसते, रक्षणासाठीही असते. आपल्या ताकदीबाहेरच्या अडथळ्यावर वारंवार आपटलेला घोडा पुढे सोप्या अडथळ्यापुढेही बुजतो, आणि गेलेला विश्वास परत यायला महिनेच्या महिने लागतात.

आपल्या देशाचे काय? इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संस्था १९६७ पासून आहे. आपल्याकडे ह्या खेळाचा भार दीर्घकाळ सैन्याने वाहिला. संस्थानी घोडदळे एकत्र करून १९५३ साली जी पलटण उभी राहिली आणि पुढे ६१ वी कॅव्हलरी म्हणून प्रसिद्धीस आली, तिच्यात ग्वाल्हेर लान्सर्सचेही स्वार होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांत रघुबीर सिंग ह्यांनी इव्हेंटिंग ह्या तीन अंगांच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. उड्या हे तिचे एक अंग. २०२३ साली हांगचौ येथे ड्रेसाज ह्या अश्वकवायतीच्या प्रकारात भारतीय संघाने सुवर्ण जिंकले. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. असे यश अधूनमधून चमकते. परंतु देश मोठा, घोडे थोडे आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात घोडा नेणे म्हणजे केवढा खर्च! जेथे स्पर्धक वर्षातून एखाद-दोनदाच एकत्र येतात, तेथे एका सकाळच्या चाचणीवर श्रेणी लावण्याचा मोह होतो, आणि एका सकाळीवर विसंबले की काय होते, ते आम्ही वर सांगितलेच आहे. म्हणून अशा देशात तर लहान गावच्या लहान स्पर्धेची नोंदसुद्धा जपून ठेवली पाहिजे. दप्तर घोड्याहून स्वस्त असते.

आमच्या त्या शाळेत पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. दुसऱ्या वर्षी आम्ही एका चाचणीवर गट पाडले नाहीत. वर्षभरातल्या प्रत्येक धावण्याची वेळ एका वहीत लिहीत गेलो आणि प्रत्येकाची सर्वांत चांगली वेळ धरली; त्यामुळे मुद्दाम हळू धावण्यात अर्थ उरला नाही. आणि बक्षीससमारंभात प्रथम नावे वाचली ती जिंकणाऱ्यांची नव्हेत, तर खालच्या गटातून वरच्या गटात चढलेल्यांची. तो चलाख मुलगा 'अ' गटात पाचवा आला आणि त्याच्या नावाला सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. वही अजून आमच्यापाशी आहे. तिच्यात त्या किरकोळ मुलाच्या नावापुढची पाने मात्र कोरी आहेत. त्याने पुन्हा शर्यतीत नाव दिले नाही. नियम सुधारता येतो. ज्याच्यावर तो चुकून पडला, त्याचा गेलेला उत्साह परत आणता येईलच असे नाही. म्हणून परीक्षक, पंच, शिक्षक आणि वर्गाचे गट पाडणारे मॉनिटर ह्या सर्वांनी यादी लावण्यापूर्वी थोडे थांबावे.

फॉक्सहंटर १९५९ साली गेला. वेल्समधील ब्लॉरेंज नावाच्या डोंगरावर त्याचे स्मारक आहे. परंतु त्याचे नाव ज्या स्पर्धेला दिले आहे, ती आम्हाला त्या स्मारकाहून अधिक बोलकी वाटते. ब्रिटनमध्ये आजही वर चढू पाहणाऱ्या घोड्यांसाठी पायऱ्या आहेत. ब्रिटिश नॉव्हिस ०.९० मीटरची, डिस्कव्हरी १.०० मीटरची, न्यूकमर्स १.१० मीटरची आणि त्यानंतर १.२० मीटरची फॉक्सहंटर. सुवर्णपदक जिंकलेल्या घोड्याचे नाव त्यांनी सर्वांत उंच उडीला दिले नाही. ज्यांना अजून वर जायचे आहे, अशांच्या पायरीला दिले.

त्या नववीतल्या मुलीला आता उत्तर देता येईल. होय बाळ, त्यालाही खालचे वर्ग असतात. तोही एके काळी गुडघ्याएवढ्या दांडीपाशी अडला होता, आणि ती ओलांडली तेव्हा कोणीतरी आठवणीने वहीत लिहून ठेवले होते.